दुसऱ्याच्या यातनेने मुक्ती मिळते काय?

एकाने सोसलेल्या यातनेमुळे दुसऱ्याची सुटका होऊ शकते काय, हा ख्रिस्ती श्रद्धेच्या मुळाशी असलेला प्रश्न युरोपात शतकानुशतके चर्चिला गेला असला, तरी भारतात तो अधिक कठीण होतो, कारण येथे त्याच्यासमोर दोन प्राचीन आणि सुविचारित उत्तरे आधीपासूनच उभी असतात. त्यांतले एक कर्मसिद्धांताचे आहे : ज्याने केले त्यानेच भोगावे, एकाचे पाप दुसऱ्याच्या खाती चढत नाही आणि एकाचे पुण्य दुसऱ्याच्या खाती वर्ग होत नाही. दुसरे बुद्धाच्या धम्माचे आहे : दुःखाला कारण असते, ते कारण दूर करता येते, परंतु ते ज्याचे त्याने दूर करायचे असते. या दोहोंसमोर ख्रिस्ती धर्म असे म्हणतो की यरुशलेमच्या वेशीबाहेर वधस्तंभावर मेलेल्या एका निरपराध माणसाच्या मरणात सर्व मानवजातीचे तारण, म्हणजे पापापासून आणि मृत्यूपासून सुटका, साधले गेले आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात ही तिन्ही उत्तरे शेजारी शेजारी नांदतात. नागपूर–बल्लारशाह लोहमार्गावरील माजरी हे वर्धा खोऱ्यातील कोळसा खाणींचे गाव ज्या भद्रावती तालुक्यात येते, त्याच तालुक्यात विजासन टेकडीतील बौद्ध लेणी आहेत, भद्रनागाचे मंदिर आहे आणि जैनांचे मोठे तीर्थही आहे. चंद्रपूर शहरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, म्हणजे नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. ख्रिस्ती उपासना या भागात दोन वेगवेगळ्या वाटांनी आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, येथे मिशन उभारले. त्या परंपरेतली मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली. दुसरी वाट केरळची आहे. १९६२ मध्ये रोमने चांदा हे क्षेत्र सिरो-मलबार चर्चच्या सीएमआय या धर्मसंघाकडे सोपवले, १९७७ मध्ये तेथे स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि त्याचे मुख्य चर्च बल्लारपुरात आहे. सिरो-मलबार चर्चची उपासना पूर्व-सीरियाई परंपरेची आहे, म्हणजे ती रोमन साम्राज्याच्या पूर्वेला, मेसोपोटेमियाच्या सिरियाक भाषेत घडलेल्या ख्रिस्ती परंपरेतून आली आहे, आणि तिच्या मुख्य विधीला ‘कुर्बाना’, म्हणजे अर्पण, असे म्हणतात. या पूर्वेकडील वारशाचा प्रस्तुत प्रश्नाशी फार जवळचा संबंध आहे.

बलिदानाची कल्पना समजून घेण्यासाठी प्रथम इस्राएलच्या धर्माकडे वळावे लागते. लेवीय या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात वर्षातून एकदा पाळायच्या प्रायश्चित्त-दिनाचा विधी सांगितला आहे : दोन बकरे आणले जात, एकाचा बळी देऊन त्याचे रक्त पवित्रस्थानात शिंपडले जाई, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची पापे उच्चारून त्याला रानात सोडून दिले जाई. या विधीत रक्ताने देवाचा कोप शमवायचा असतो, असा समज वाचकाचा सहज होतो. मूळ ग्रंथाचा भर मात्र दूषित झालेले स्थान शुद्ध करण्यावर आणि देव व लोक यांच्यातील तुटलेला संबंध पुन्हा जोडण्यावर आहे. इस्राएलच्या संदेष्ट्यांनी तर पुढे जाऊन या बळींवरच टीका केली. होशेयाने देवाला यज्ञापेक्षा दया हवी असल्याचे सांगितले, आणि यहेज्केलाने अठराव्या अध्यायात बापाच्या अपराधाचे ओझे मुलावर येत नाही, जो पाप करतो तोच त्याचा जबाबदार, असे ठणकावून मांडले. कर्मवादी वाचकाला हा अध्याय आपलाच वाटावा इतका तो स्पष्ट आहे. तरीही त्याच परंपरेत यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात एक असा सेवक येतो की जो तुच्छ लेखला जातो, दुसऱ्यांच्या व्यथा वाहतो आणि त्याच्या जखमांनी इतर बरे होतात. पहिल्या शतकातील ख्रिस्ती लोकांनी येशूच्या मृत्यूचा अर्थ लावताना हाच अध्याय हाती धरला.

या ठिकाणी नवसाच्या धर्माशी असलेला भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेला येणारा भक्त नवस बोलतो आणि फेडतो, तेव्हा अर्पणाची दिशा माणसाकडून देवाकडे असते. मागणे माणसाचे, वस्तूही माणसाची, आणि फळ देणे देवाच्या हाती. नव्या करारातील बलिदानाची दिशा याच्या उलट आहे. तेथे अर्पण करणारा देवच आहे, आणि ते माणसाला मिळते. पौल लिहितो त्याप्रमाणे देवाने ख्रिस्ताच्या ठायी जगाचा स्वतःशी समेट केला. देवाचा माणसाशी समेट घडवून आणावा लागला, असे तो लिहीत नाही. दुर्दैवाने हा फरक पुढच्या काळात वारंवार पुसला गेला, आणि ख्रिस्ती प्रवचनांतूनही अनेकदा एक फार मोठा नवस फेडला गेला असल्याचा भास होऊ लागला.

सुरुवातीच्या शतकांत चर्चच्या आचार्यांनी या मृत्यूचा अर्थ लावताना दोन प्रतिमा विशेष वापरल्या. पहिली विजयाची. दुसऱ्या शतकातील इरेनियस याने मांडले की आदामाने जे जे बिघडवले ते ख्रिस्ताने मानवी जीवनाच्या प्रत्येक टप्प्यातून स्वतः जाऊन पुन्हा सुधारले, आणि शेवटी मृत्यूच्या प्रदेशात शिरून मृत्यूचाच पाडाव केला. वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथे ज्या शिवाची पूजा होते, त्याची कथा या प्रतिमेच्या जवळ जाते, कारण तेथेही देव आपल्या भक्ताच्या आणि यमाच्या मध्ये उभा राहतो. भेद एवढाच की शिव यमाला बाहेरून आवरतो, तर ख्रिस्त स्वतः मरून मृत्यूवर मात करतो. दुसरी प्रतिमा खंडणीची, म्हणजे बंदिवानाला सोडवण्यासाठी द्यायच्या किमतीची. येशूने आपला जीव पुष्कळांसाठी खंडणी म्हणून देण्याविषयी केलेले विधान मार्काच्या शुभवर्तमानात आहे, पण ही खंडणी कोणाला द्यायची, याचे उत्तर तेथे नाही. चौथ्या शतकातील न्यिसाच्या ग्रेगरीने ती सैतानाला दिली गेली असे म्हटले. त्याचाच मित्र, नाझियान्झसचा ग्रेगरी, याला हे उत्तर असह्य वाटले. लुटारूला किंमत मोजणे हे देवाला शोभत नाही, आणि पित्याला तरी ती का द्यावी, पुत्राच्या रक्ताने पिता संतुष्ट होतो असे कसे म्हणावे, असा प्रश्न त्याने विचारला. या प्रश्नाला पुढे मिळालेली बहुतेक उत्तरे प्रश्नाच्या उंचीला पोचत नाहीत, असे खेदाने म्हणावे लागते.

महाराष्ट्राला खंडणीची एक कथा फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारातले धान्य भुकेल्यांना वाटले, बादशहाने त्यांना बंदी करून आणण्याचा हुकूम दिला, आणि पंढरीचा विठ्ठल विठू महाराच्या वेशात बेदरला जाऊन धान्याची सगळी रक्कम भरून आला, असे ही कथा सांगते. देवाने भक्ताचे देणे स्वतः फेडावे, तेही समाजाने सर्वांत खाली ढकललेल्या माणसाचे रूप घेऊन फेडावे, ही कल्पना फिलिप्पैकरांच्या पत्रातील ख्रिस्ताच्या ‘रिक्त होण्या’च्या कल्पनेला, म्हणजे देवाचे स्वरूप असूनही त्याने दासाचे रूप घेतले या विचाराला, अतिशय जवळची आहे. या कथेत कोणत्याही वारकऱ्याला असा भ्रम होत नाही की विठ्ठलाने ही रक्कम विठ्ठलालाच भरली. देणे बादशहाचे आहे, व्यवस्था बादशहाची आहे, तिच्या कचाट्यातून भक्त सोडवला जातो. नाझियान्झसच्या ग्रेगरीची अडचण या कथेच्या रचनेतच टळलेली आहे, आणि मराठी ख्रिस्ती धर्मविचाराने तिचा जेवढा उपयोग करून घ्यायला हवा होता तेवढा केलेला दिसत नाही.

पश्चिमेत मात्र विचार वेगळ्या दिशेने गेला. कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने १०९८ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ग्रंथात असा युक्तिवाद केला की पाप म्हणजे देवाच्या मानाचा भंग, त्या भंगाची भरपाई अनंत मोलाची असली पाहिजे, ती देण्याचे कर्तव्य माणसाचे आहे पण सामर्थ्य केवळ देवाचे, म्हणून देव माणूस झाला. सरंजामी समाजातल्या मानापमानाची चौकट या युक्तिवादात उघड दिसते. सोळाव्या शतकात कॅल्व्हिनच्या हाती ही चौकट दंडसंहितेची झाली : पापाला शिक्षा हवीच, आणि ती पुत्राने पापी माणसांच्या जागी भोगली. एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी भारतात जो संदेश आणला त्यात ही मांडणी प्रबळ होती, आणि सुशिक्षित मराठी माणसाने तिच्यावर घेतलेला आक्षेप रास्तही होता. निरपराधाला शिक्षा दिल्याने न्याय होत नाही, अन्याय दुप्पट होतो. आणि जो न्यायाधीश आपल्याच मुलाला फासावर देऊन समाधान पावतो त्याला दयाळू म्हणणे कठीण आहे.

आता पूर्व-सीरियाई वारशाकडे यावे. सातव्या शतकात कतारच्या प्रदेशात जन्मलेला आणि काही महिने निनवे येथे बिशप राहून एकांतवासात गेलेला संत इसहाक हा या परंपरेतील सर्वांत खोल विचारवंतांपैकी एक. त्याचे म्हणणे असे की पापांची क्षमा करण्यासाठी देवाला पुत्राच्या मृत्यूची मुळीच गरज नव्हती; क्षमा तो इतर मार्गांनीही करू शकला असता. मग वधस्तंभ कशासाठी? जगाला देवाच्या प्रेमाची जाणीव व्हावी, ते प्रेम कोठपर्यंत जाऊ शकते हे माणसाला कळावे आणि त्या कळण्याने माणूस जिंकला जावा, यासाठी. बाराव्या शतकात पॅरिसच्या आबेलार्डने अशाच प्रकारचा विचार मांडला आणि त्याला विरोध सहन करावा लागला. इसहाकाने तो पाच शतके आधी, अधिक निर्भयपणे मांडला होता. बल्लारपूरच्या चर्चमध्ये कुर्बानाच्या वेळी ज्या परंपरेतील प्रार्थना म्हटल्या जातात, तिच्याच कुशीत हा विचार जन्मला, ही गोष्ट चांदा परिसरातील ख्रिस्ती माणसालाही क्वचितच सांगितली जाते.

परंतु इसहाकाचा विचार स्वीकारला तरी कर्मसिद्धांताचा आणि धम्माचा आक्षेप उरतोच. कर्मसिद्धांताविषयी शुभवर्तमानांची भूमिका आश्चर्य वाटावे इतकी थेट आहे. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य विचारतात की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी. जन्मतःच आंधळ्या असलेल्या माणसाने स्वतः पाप केले असण्याची शक्यता हा प्रश्न गृहीत धरतो, म्हणजेच तो पूर्वकर्माच्या उंबरठ्यावर उभा आहे. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याची घटना येते, आणि मेलेले लोक इतरांपेक्षा अधिक पापी होते हा समज येशू तेथेही मोडून काढतो. ज्या भूमीत खाणीचे छत कोसळून, वायूने गुदमरून किंवा वर्षानुवर्षे छातीत साचलेल्या कोळशाच्या धुळीने माणसे मरत आली आहेत, तेथे या उत्तराचे मोल फार मोठे आहे. वरोऱ्याजवळ एकोणिसाव्या शतकातच कोळसा निघू लागला. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर येथल्या खाणी सरकारी मालकीच्या झाल्या, आणि आज माजरीच्या खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे आहेत. खाणीतल्या माणसाचे मरण हे त्याच्या पूर्वजन्माचे फळ आहे असे म्हणणे म्हणजे छताला टेकू न देणाऱ्याला दोषमुक्त करणे होय. दुःखाचे कारण सोसणाऱ्याच्या आत शोधण्याची ही सवय शुभवर्तमान मोडते, आणि कर्मसिद्धांताच्या लोकप्रचलित रूपाशी त्याचा खरा संघर्ष येथे आहे.

आंबेडकरांचा आक्षेप याहून सूक्ष्म आहे आणि तो सहज बाजूला सारता येत नाही. त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी मार्गदाता आणि मोक्षदाता असा भेद केला : मार्गदाता वाट दाखवतो, मोक्षदाता मुक्ती बहाल करतो, बुद्धाने स्वतःला मार्गदाताच म्हणवले आणि प्रत्येकाने आपली मुक्ती आपल्या प्रयत्नाने साधावी असे सांगितले. शतकानुशतके ज्यांना कोणाच्या ना कोणाच्या कृपेवर जगावे लागले, त्यांच्या दृष्टीने कृपा या शब्दालाच अपमानाचा वास येतो, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. ख्रिस्ती धर्माने या आक्षेपाला उत्तर देताना प्रामाणिक राहायचे तर प्रथम कबूल करावे लागेल की ख्रिस्त हा केवळ मार्गदाता आहे असे तो म्हणू शकत नाही. तो एवढे मात्र म्हणू शकतो, आणि म्हणावे, की ज्या मोक्षदात्याने दासाचे रूप घेतले, ज्याला राज्यसत्तेने आणि धर्मसत्तेने मिळून मारले, तो वरून भीक घालणारा दाता नव्हे. तो तळाशी असलेल्यांपैकी एक आहे आणि त्याची कृपा ही बरोबरीच्या माणसाने दिलेल्या साथीसारखी आहे. महाराष्ट्रातून आलेले धर्मचिंतक अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिओलॉजिकल कॉलेजात दिलेल्या व्याख्यानापासून पुढे हाच धागा धरला आणि यशयाचा दुःखी सेवक व दलितांची वेदना यांना एकत्र वाचून दलित ख्रिस्ती धर्मविचाराचा पाया घातला. त्या विचाराला वास्तवाची धारही होती, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाही. शिखांना तो १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाला. बाप्तिस्म्याने जातीची यातना संपली नाही, आणि चर्चच्या आतही ती पूर्णपणे संपली असे म्हणता येत नाही.

मराठी ख्रिस्ती परंपरेतील मोठी माणसे वधस्तंभापाशी कोणत्या वाटेने पोचली, हे पाहणे या दृष्टीने उद्बोधक ठरते. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये राचोल येथे छापलेल्या सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त सृष्टीच्या उत्पत्तीपासून येशूच्या यातना, मरण आणि पुनरुत्थानापर्यंतची कथा मराठी श्रोत्यासाठी सांगितली, आणि सिद्धांतापेक्षा कथेवर भर ठेवला. काशीचे नीलकंठशास्त्री गोरे, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे, यांनी १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर षड्दर्शनांची आणि कर्म-पुनर्जन्म विचाराची तर्ककठोर चिकित्सा केली. त्यांची वाट तर्काची होती. पंडिता रमाबाईंची वाट निराळी. इंग्लंडमध्ये असताना समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती भगिनी चालवत असलेले काम त्यांनी लंडनच्या फुलहॅम भागात पाहिले, असे काम का केले जाते हे विचारले, आणि उत्तरादाखल त्यांच्यासमोर शोमरोनी स्त्रीची कथा ठेवली गेली. त्याचबरोबर फादर गोऱ्यांच्या लेखनानेही त्यांच्या मनावर परिणाम केला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. नारायण वामन टिळकांच्या हाती १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत नवा करार पडला आणि त्यांना प्रथम खेचून घेतले ते डोंगरावरील प्रवचनाने. प्रायश्चित्ताच्या कायदेशीर सिद्धांताने या दोघांपैकी कोणीही ख्रिस्ताकडे आले नाही. एक सुटका पाहून आली, दुसरा प्रेमाची शिकवण वाचून आला, आणि वधस्तंभाचा अर्थ त्यांना पुढे, सेवा करता करता, उलगडत गेला.

रमाबाईंच्या बाबतीत हे विशेष ठळक आहे. १८७० च्या दशकात दुष्काळाने त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण हिरावून नेली होती. १८९६–९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात पसरला तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या, उपासमारीत सापडलेल्या आणि वाममार्गाला लावल्या जाण्याचा धोका असलेल्या मुली व बालविधवा त्यांनी केडगावला आणल्या, आणि त्या वसाहतीला मुक्ती हे नाव दिले. तेथे प्रार्थना होती आणि पश्चात्तापही होता. शेती, विणकाम, छापखाना आणि शाळाही होती. दुसऱ्याचे दुःख पाहून स्वतःचे जुने दुःख आठवणे, आणि त्या आठवणीने हळहळत न बसता दुसऱ्याला उचलणे, हा बलिदानाचा असा अर्थ आहे की ज्यात देवाला रक्त देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

याच्या उलट टोकाला एक जुना धोका आहे. कलस्सैकरांच्या पत्रात पौल ख्रिस्ताच्या दुःखांत जे उणे आहे ते आपल्या शरीरात भरून काढण्याविषयी लिहितो. या वाक्याचा आधार घेऊन चर्चने अनेकदा गरिबाला, आजाऱ्याला, मार खाणाऱ्या पत्नीला सांगितले की सोसणे हाच तुझा क्रूस आहे. हा अर्थ चुकीचा आहे, कारण पौलाचे दुःख त्याने दुसऱ्यांसाठी पत्करलेल्या कामातून आले होते, आणि लादलेले दुःख व पत्करलेले दुःख यांत आकाशपाताळाचे अंतर आहे. येशूने स्वतः एकाही रोग्याला रोग सोसत राहा असे सांगितले नाही. त्याने त्यांना बरे केले. माजरीपासून फार दूर नसलेल्या वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी, जे ख्रिस्ती नव्हते, विसाव्या शतकाच्या मध्यापासून कुष्ठरोग्यांना भिक्षेऐवजी श्रम आणि दयेऐवजी मान दिला. वधस्तंभाची शिकवण सांगणाऱ्या कोणत्याही चर्चला आपले प्रवचन या कसोटीवर घासून पाहता येईल.

पुनरुत्थान वगळून वधस्तंभ समजत नाही, ही गोष्टही येथेच सांगितली पाहिजे. येशू केवळ मेला असता तर तो अन्यायाचा आणखी एक बळी ठरला असता, आणि यातनेला कोणताही अर्थ लाभला नसता. देवाने त्याला उठवले या श्रद्धेने ख्रिस्ती माणूस असे म्हणतो की मारणाऱ्यांचा निवाडा अंतिम नव्हता. म्हणूनच तारण म्हणजे मेल्यानंतरच्या स्वर्गाचे आरक्षण, ही समजूत अपुरी आहे. ज्या निवाड्याने माणसे खाणीत, शेतात आणि जातीच्या तळाशी चिरडली जातात, तो निवाडा देवाने फिरवला आहे आणि आता तो जगातही फिरवायचा आहे, असा तारणाचा पूर्ण अर्थ होतो. एकाच्या यातनेने दुसऱ्याला मुक्ती मिळते काय, या प्रश्नाचे उत्तर मग असे द्यावे लागते की केवळ यातनेने कोणालाही मुक्ती मिळत नाही; परंतु जो दुसऱ्याच्या यातनेत स्वतःहून उतरतो त्याच्या प्रेमाने मिळते, आणि ख्रिस्ती श्रद्धेनुसार असा उतरलेला पहिला देवच आहे.

हे उत्तर चांदा परिसरात मराठीत, शेजारच्या बौद्ध आणि वारकरी माणसाला कळेल अशा भाषेत मांडले जाण्याची गरज आहे, आणि त्यासाठी अन्सेल्मपेक्षा निनवेच्या इसहाकाची मदत अधिक होईल. चांदा धर्मप्रांत आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची येथील मंडळी यांनी एकत्र येऊन इसहाकाचे लेखन सिरियाकमधून थेट मराठीत आणण्याचे काम हाती घ्यावे, आणि त्या भाषांतराच्या वाचनाला बौद्ध अभ्यासकांनाही बोलवावे.